छोट्या दुकानातले कार्ड मशीन आणि बिलिंग प्रणाली : एक आढावा

कार्डावरून पैसे घेणारे मशीन आणि बिल करणारी संगणकीय प्रणाली ही छोट्या व्यवसायाची दोन वेगळी साधने आहेत. पहिले बँकांच्या जाळ्याशी जोडलेले असते. ते गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम घेऊन दुकानदाराच्या खात्यात पोहोचवते. दुसरी दुकानाची वही असते : काय विकले, किती दराने विकले, कर किती, साठा किती उरला याची नोंद ती ठेवते. मोठ्या दुकानांत ही दोन्ही साधने एकमेकांना जोडलेली असतात. छोट्या दुकानात बहुतेकदा आधी क्यूआर कोड लागतो, मग जमा रक्कम बोलून सांगणारा स्पीकर येतो, त्यानंतर कार्ड मशीन आणि सर्वांत शेवटी बिलिंग सॉफ्टवेअर. हा क्रम सोयीचा असला, तरी प्रत्येक पायरीवर खर्च, करार आणि जोखीम बदलत जाते. कोणती पायरी कुठल्या व्यवसायाला परवडते, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : एका बिलाची सरासरी रक्कम, त्यावर सुटणारा नफा आणि गिऱ्हाईक कोणत्या साधनाने पैसे देते.

कार्डापासून यूपीआयपर्यंत

भारतात १९६१ मध्ये डायनर्स क्लबचे कार्ड आले. ते मोजक्या श्रीमंत प्रवाशांपुरते होते. १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने स्वतःचे क्रेडिट कार्ड काढले. १९८७ मध्ये मुंबईत एचएसबीसीने देशातले पहिले एटीएम सुरू केले. त्या काळी दुकानात कार्ड घेणे म्हणजे हाताने ओढायच्या यंत्रात कार्ड ठेवून कार्बनच्या पावतीवर त्याचे उठाव उमटवणे. पावत्या बँकेत जमा केल्यावर पैसे मिळायचे. मोठी रक्कम असेल तर दुकानदार बँकेला फोन करून मंजुरी घ्यायचा. पुढे चुंबकीय पट्टी वाचणारी आणि टेलिफोनच्या तारेवरून मंजुरी आणणारी मशीन आली, तेव्हा ही प्रक्रिया मिनिटभरात होऊ लागली. तरीही अशी मशीन हॉटेले, सराफी पेढ्या, मोठी कापड दुकाने आणि पेट्रोल पंप यांच्या पलीकडे फारशी गेली नाहीत.

२००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याने देशातील देयक व्यवस्थेवर रिझर्व्ह बँकेची स्पष्ट देखरेख आली. २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. तिने २०१२ मध्ये रुपे हे देशी कार्डजाळे सुरू केले आणि ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची प्रायोगिक सुरुवात केली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या आणि रोखीशिवाय पैसे घेण्याचा प्रश्न एका रात्रीत प्रत्येक किराणा दुकानाच्या दारात आला. तेव्हा देशभरात सुमारे १५ लाख कार्ड मशीन होती. मार्च २०१७ अखेर ती सुमारे २५ लाख झाली. २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा १ कोटीच्या पुढे गेला.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. तिथल्या व्यापाऱ्यांना बँकेमार्फत कार्ड मशीन दिली गेली. पुढे बाजारात नोटा परतल्या तसे गावातले रोखीचे व्यवहारही पुन्हा वाढल्याची वृत्ते आली. मशीन दिल्याने व्यवहार बदलत नाही, हे धसईने लवकर दाखवून दिले. त्यासाठी नेटवर्क, गिऱ्हाइकाच्या खिशातले चालू कार्ड, पावतीचा कागदी रोल आणि बिघाड झाल्यावर येणारा माणूस यांपैकी प्रत्येक गोष्ट लागते.

छोट्या रकमा रोखीशिवाय घेण्याचा प्रश्न शेवटी यूपीआयने सोडवला. छापलेल्या क्यूआर कोडला वीज लागत नाही, भाडे लागत नाही आणि बहुतांश गिऱ्हाइकांकडे मोबाइल असतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा. परिणामी दुकानातला डेबिट कार्डाचा वापर घटला. क्रेडिट कार्डाचा मात्र वाढला, कारण तिथे गिऱ्हाइकाला उधारीचे दिवस, हप्ते आणि बक्षीसगुण मिळतात. देशातील क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या सुरुवातीला १० कोटींवर गेली. त्यामुळे छोट्या दुकानदारापुढे आजचा कार्डाचा प्रश्न हा मुख्यतः क्रेडिट कार्डाचा प्रश्न आहे.

एका व्यवहारात काय घडते

गिऱ्हाईक मशीनवर कार्ड टेकवते किंवा चिपच्या बाजूने आत सरकवते, तेव्हा पाच पक्ष कामाला लागतात : गिऱ्हाईक, दुकानदार, दुकानदाराला मशीन देणारी बँक, कार्डाचे जाळे आणि गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक. मशीन कार्डाची सांकेतिक माहिती आणि रक्कम आपल्या बँकेकडे पाठवते. ती बँक ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यावर टाकते. जाळे ती कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत नेते. तिथे शिल्लक किंवा उधारीची मर्यादा, पिन आणि संशयाची चिन्हे तपासली जातात. मंजुरीचा निरोप त्याच वाटेने उलटा येतो आणि पावती छापली जाते. हे सगळे काही सेकंदांत होते, पण या सेकंदांत दुकानदाराच्या खात्यात पैसे आलेले नसतात. आलेली असते ती फक्त मंजुरी. बँकांमधला हिशेब नंतर पूर्ण होतो आणि रक्कम साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, शुल्क वजा करून, खात्यात पडते.

या वाटेवरची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन टाकणे डिसेंबर २०१३ पासून रूढ झाले. केवळ चुंबकीय पट्टी असलेली जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी बँकांना २०१८ च्या अखेरपर्यंत मुदत होती. चुंबकीय पट्टीवरची माहिती स्थिर असते, म्हणून तिची नक्कल करता येते. चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा संकेत तयार करते, त्यामुळे चोरलेली माहिती पुन्हा वापरता येत नाही. पिनशिवाय कार्ड टेकवून पैसे देण्याची मर्यादा आधी २,००० रुपये होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० रुपये झाली. त्यावरच्या रकमेला पिन लागतो. पिन गिऱ्हाइकाने स्वतः टाकायचा असतो. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस पिन विचारून स्वतः टाकतो, ही सवय दोघांनाही गोत्यात आणणारी आहे.

शुल्काचा हिशेब

दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्काला मर्चंट डिस्काउंट रेट, व्यापाऱ्यांच्या भाषेत एमडीआर किंवा नुसता ‘चार्ज’, म्हणतात. त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. उरलेला जाळे, मशीन देणारी बँक आणि मधली सेवा कंपनी यांच्यात वाटला जातो.

दर कार्डाच्या प्रकारावर ठरतो. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारे यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून शून्य एमडीआर आहे. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, क्यूआरवर ०.३० टक्के आणि एका व्यवहाराला कमाल २०० रुपये. त्यावरच्या उलाढालीला मशीनवर ०.९० टक्के, क्यूआरवर ०.८० टक्के आणि एका व्यवहाराला कमाल १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथला दर करारावर ठरतो आणि तो साधारण दीड ते अडीच टक्क्यांच्या आसपास असतो. परदेशी कार्डे आणि कंपन्यांना दिलेली व्यावसायिक कार्डे यांचा दर आणखी वर जातो. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. छोट्या व्यापाऱ्याला अशा व्यवहारावर २,००० रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही, पण त्यापुढच्या रकमेला लागते. म्हणजे क्यूआरवरून आलेली प्रत्येक रक्कम फुकट, ही समजूत आता पूर्ण खरी राहिलेली नाही.

या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. एका व्यवहारातली रक्कम २,००० रुपयांपर्यंत असेल तर कार्ड व्यवहाराच्या या सेवेला जीएसटीतून सूट आहे. नियमित जीएसटी भरणारा दुकानदार शुल्कावरच्या कराची वजावट घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्याला किंवा कंपोझिशन योजनेतल्याला ती मिळत नाही, त्याच्यासाठी तो निव्वळ खर्च असतो.

एका साडीच्या दुकानाचे उदाहरण घेता येईल. बिल १२,००० रुपयांचे आहे, क्रेडिट कार्डाचा दर १.८ टक्के आहे. शुल्क २१६ रुपये, त्यावर जीएसटी ३८ रुपये ८८ पैसे, एकूण २५४ रुपये ८८ पैसे. दुकानदाराच्या खात्यात ११,७४५ रुपये १२ पैसे येतात. साडीवर १५ टक्के, म्हणजे १,८०० रुपये सुटत असतील, तर नफ्याचा सातवा हिस्सा शुल्कात गेला. हेच बिल २० लाखांच्या आतल्या दुकानात व्हिसा डेबिट कार्डाने भरले, तर ०.४० टक्के दराने जीएसटीसह ५६ रुपये ६४ पैसे जातात आणि रुपे डेबिटने काहीच जात नाही. आता किराणा दुकानातले ६०० रुपयांचे बिल पाहावे. त्याच दराने क्रेडिट कार्डाचे शुल्क १० रुपये ८० पैसे, जीएसटी नाही. पण किराण्यात ८ टक्के सुटत असतील तर नफा ४८ रुपयांचा आहे. त्याचा पाचव्याहून मोठा हिस्सा शुल्कात गेला. दर तोच असून किराणा दुकानदाराला तो अधिक टोचतो, याचे कारण नफ्याच्या टक्केवारीत आहे.

मशीनचे भाडे हा दुसरा खर्च. महिन्याला ४०० रुपये भाडे आणि त्यावर जीएसटी धरला, तर ४७२ रुपये होतात. महिन्याची कार्डविक्री २०,००० असेल तर नुसत्या भाड्याचा बोजा २.३६ टक्के पडतो. विक्री २ लाख असेल तर तो पाव टक्क्याहूनही कमी होतो. कमी वापराच्या मशीनला एमडीआरपेक्षा भाडेच महाग पडते. काही करारांत ‘ठरावीक विक्री झाली तर भाडे माफ’ असे कलम असते. ती विक्री न झाल्यास भाडे कापले जाते, आणि ते कापले गेल्याचे दुकानदाराला महिन्याअखेरीस पासबुकात कळते. म्हणून करारातली चार वाक्ये सहीआधी वाचणे आवश्यक आहे : प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा दर, भाडे आणि त्याची माफीची अट, मशीन परत करण्याचे शुल्क, आणि दर बदलण्यापूर्वी किती दिवसांची सूचना मिळणार.

डेबिट कार्डाचे शुल्क गिऱ्हाइकाकडून वेगळे घेण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. क्रेडिट कार्डाबाबतही बँकेच्या करारांत सहसा तशीच अट असते. ‘कार्डाला दोन टक्के जादा’ ही पाटी म्हणूनच करारभंगाची असते आणि तिच्यामुळे मशीन काढून घेतले जाऊ शकते.

साधनांचे प्रकार

सर्वांत स्वस्त साधन छापील क्यूआर. त्याला जोडून येणारा स्पीकर, म्हणजे साउंडबॉक्स, २०१९ नंतर झपाट्याने पसरला. मराठीत रक्कम बोलणारा हा छोटा डबा गर्दीच्या वेळी फार उपयोगी ठरला, कारण हात तेलात किंवा तराजूवर असलेल्या माणसाला मोबाइल पाहावा लागत नाही. त्याला महिन्याचे भाडे असते. काही नव्या स्पीकरांवर कार्डही टेकवता येते. टपरी, चहाची गाडी, भाजीवाला आणि लहान किराणा यांना सहसा यापुढे जाण्याची गरज पडत नाही.

त्यावरचा टप्पा साध्या कार्ड मशीनचा. त्यात सिमकार्ड किंवा वायफाय असते, काहींत पावतीचा छापखाना असतो, काही मशीन पावती फक्त संदेशाने पाठवतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या मशीनवर कार्ड, यूपीआय आणि हप्ते एकाच ठिकाणी घेता येतात आणि छोटे बिलिंग ॲपही चालते. टॅप करण्याची सोय असलेल्या मोबाइललाच कार्ड मशीन बनवणारी ॲपही आता आहेत. घरपोच सेवा देणारे, प्लंबर, जत्रेत किंवा प्रदर्शनात माल मांडणारे बचतगट यांना ती सोयीची ठरतात, कारण वेगळे भाडे फारसे नसते.

मशीन बँकेकडून थेट घेता येते किंवा पाइन लॅब्ज, पेटीएम, फोनपे, एमस्वाइप, रेझरपे यांसारख्या कंपन्यांकडून. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुकानात समोरासमोर पैसे गोळा करणाऱ्या अशा मध्यस्थ कंपन्यांनाही पेमेंट ॲग्रिगेटरच्या नियमांत आणले. दुकानदाराची ओळख तपासणे, गोळा झालेले पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवणे ही बंधने त्यांना लागू झाली. दुकानदाराचे पैसे एक दिवस तरी दुसऱ्याच्या हातात असतात, म्हणून हा नियम महत्त्वाचा आहे.

लहान गावांत मशीन परवडावीत म्हणून रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ पासून पेमेंट्स इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट फंड चालवला. त्यातून तिसऱ्या ते सहाव्या श्रेणीच्या गावांत आणि ईशान्येकडील राज्यांत साधने बसवणाऱ्या बँका-कंपन्यांना खर्चाचा काही भाग मिळाला. फेरीवाल्यांसाठीच्या २०२० च्या पीएम स्वनिधी योजनेत डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा ठेवण्यात आला.

बिलिंग प्रणाली

कार्ड मशीन किती पैसे आले ते सांगते. ते कशाचे आले, हे बिलिंग प्रणाली सांगते. बारकोडचे स्कॅनर, पावतीचा थर्मल प्रिंटर, गल्ल्याचा खण आणि संगणक किंवा टॅब्लेट, एवढ्यावर छोटी प्रणाली उभी राहते. वस्तूंची यादी, खरेदीदर, विक्रीदर, कराचा दर आणि साठा एकदा भरला की प्रत्येक बिलाबरोबर साठा आपोआप कमी होतो आणि दिवसाअखेर रोख, यूपीआय, कार्ड आणि उधारी यांचे वेगवेगळे आकडे मिळतात.

व्यवसायानुसार गरज बदलते. औषध दुकानाला बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख हवी असते, मुदत जवळ आलेला माल वेळेत वितरकाकडे परत गेला तरच त्याचे पैसे वाचतात. हॉटेलला टेबलावरची ऑर्डर स्वयंपाकघरात पोहोचवणारी चिठ्ठी आणि एका पदार्थाला किती कच्चा माल लागला याचा हिशेब लागतो. कापड दुकानाला माप आणि रंगानुसार साठा हवा. सराफाला वजन, शुद्धता, मजुरी आणि रोजचा बदलता भाव एका बिलात मांडावा लागतो. किराण्याला सुटा माल वजनावर विकता यावा आणि उधारीचे खाते गिऱ्हाइकाच्या नावावर दिसावे, ही मुख्य गरज.

अशा प्रणालीचा उपयोग २२ सप्टेंबर २०२५ रोजी ठळकपणे दिसला. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले आणि बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांच्या दोन मुख्य दरांत आल्या. वस्तूंची यादी नीट गटवार भरलेल्या दुकानाला गटाचा दर एकदा बदलून सकाळी बिले सुरू करता आली. ज्या दुकानांत दर वस्तूगणिक हाताने भरलेले होते, तिथे एकेक नोंद शोधावी लागली.

प्रणाली घेताना ॲप फुकट आहे का यापेक्षा विदा कोणाच्या ताब्यात राहते हा प्रश्न मोठा आहे. गिऱ्हाइकांची यादी, उधारी आणि विक्री एक्सेलच्या तक्त्यात बाहेर काढता येत नसेल, तर कंपनी बदलणे अशक्य होते. इंटरनेट गेल्यावर बिल होते का, मराठीत वस्तूंची नावे छापता येतात का आणि नोंदींची प्रत आपोआप सुरक्षित राहते का, या तीन गोष्टी दुकानातच करून पाहण्यासारख्या आहेत. कार्ड मशीन बिलिंगला जोडले असेल तर रक्कम दोनदा टाकावी लागत नाही आणि १,२५० च्या जागी १२५ टाकण्याची चूक टळते.

पैसे अडकतात तेव्हा

गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम गेली आणि मशीनवर मंजुरी आली नाही, हा प्रसंग प्रत्येक दुकानात कधी ना कधी घडतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे, आणि उशीर झाल्यास गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. दुकानात यूपीआयने दिलेल्या रकमेलाही हीच मुदत आहे. हा नियम काउंटरवरच्या माणसाला माहीत असला, तर वाद वाढत नाही. मंजुरी नसेल तर विक्री झालेली नाही. गिऱ्हाइकाने दुसऱ्या मार्गाने पैसे द्यावेत, आधीची रक्कम बँक परत करते. तक्रार न सुटल्यास नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत दाद मागता येते.

उलट दिशेचा प्रश्न चार्जबॅकचा. कार्डधारकाने ‘हा व्यवहार माझा नाही’ किंवा ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार केली, तर बँक दुकानदाराकडे पुरावा मागते. तो ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर आलेली रक्कम परत कापली जाते. पावती, बिल आणि माल पोहोचवल्याची सही करारातल्या मुदतीपर्यंत जपून ठेवणे हाच त्यावरचा उपाय. थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि दमट हवेत उडते, म्हणून मोठ्या रकमेच्या पावतीचा फोटो काढून ठेवलेला बरा.

फसवणुकीचे प्रकार बहुतेक साधे असतात. गिऱ्हाईक मोबाइलवर यशस्वी व्यवहाराचे बनावट चित्र दाखवते, दुकानाच्या क्यूआरवर रात्री कोणी दुसरा स्टिकर चिकटवतो, किंवा ‘चुकून जास्त रक्कम आली, परत पाठवा’ असा फोन येतो. यावरचे नियम ठरलेले आहेत. गिऱ्हाइकाचा पडदा हा पुरावा नव्हे, स्वतःचा स्पीकर किंवा स्वतःचे ॲप हा पुरावा. दुकान उघडताना क्यूआर स्वतः स्कॅन करून खात्याचे नाव पाहावे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मशीन ‘दुरुस्तीला’ नेण्यासाठी आलेल्या माणसाची खात्री कंपनीला फोन करून केल्याशिवाय मशीन देऊ नये. गिऱ्हाइकाच्या कार्डाचा क्रमांक वहीत लिहून ठेवू नये.

कर आणि कर्ज

डिजिटल विक्रीची नोंद बँकेत राहते आणि याच कारणाने अनेक दुकानदार तिला घाबरतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर विभागाने यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळुरूतील अनेक टपऱ्यांवरून क्यूआर उतरले. या भीतीचे उत्तर नियम समजून घेण्यात आहे. मालाच्या विक्रीत महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवांत २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा सक्तीची नाही. ताजी भाजी किंवा सुटे दूध अशा केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला त्यापुढेही नोंदणी लागत नाही. खात्यात आलेली प्रत्येक रक्कम विक्री नसते, म्हणून दुकानाचा क्यूआर स्वतंत्र खात्याला जोडणे आणि घरचे, नातेवाइकांचे पैसे त्यात न मिसळणे हिताचे आहे.

प्राप्तिकरात तर डिजिटल विक्रीला सवलत आहे. अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत रोख विक्रीच्या ८ टक्के, तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीच्या ६ टक्के नफा धरला जातो. ६० लाखांची विक्री रोखीत असेल तर किमान ४ लाख ८० हजार, आणि डिजिटल असेल तर ३ लाख ६० हजार उत्पन्न दाखवावे लागते. एरवी २ कोटी असलेली या योजनेची मर्यादा, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास, २०२३-२४ पासून ३ कोटींपर्यंत गेली.

नोंद राहण्याचा दुसरा फायदा कर्जात दिसतो. ज्याच्याकडे ताळेबंद नाही, त्याचा रोजचा क्यूआरचा गल्ला पाहून कंपन्या कर्ज देतात आणि हप्ता रोजच्या जमेतून कापतात. इथे सावधगिरी हवी. १ लाखाच्या कर्जाला वर्षभरात दरमहा १०,००० प्रमाणे १ लाख २० हजार परत करायचे असतील, तर व्याज २० टक्के वाटते. प्रत्यक्षात मुद्दल दर महिन्याला फिटत असल्याने वार्षिक दर सुमारे ३५ टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना आणि सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांना मुख्य तपशीलपत्रक देणे बंधनकारक आहे आणि त्यात हा खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पत्रक मागून घेणे हा दुकानदाराचा हक्क आहे.

कोणाला काय

सरासरी बिल ३०० रुपयांच्या आत असेल, तर क्यूआर आणि स्पीकर पुरेसे आहेत. कार्ड मशीनचे भाडे तिथे सुटत नाही. ५०० ते २,००० च्या टप्प्यात, म्हणजे औषध दुकान, हॉटेल, सलून, मोठा किराणा, कार्ड घेणारा स्पीकर किंवा कमी भाड्याचे मशीन चालते, आणि तिथे बिलिंग प्रणालीचा फायदा मशीनपेक्षा जास्त असतो. कापड, पादत्राणे, चष्मे, विजेची उपकरणे, फर्निचर आणि सराफी यांना हप्त्यांची सोय असलेले मशीन लागतेच, कारण गिऱ्हाईक महिन्याचा हप्ता पाहून वस्तू निवडते. गोव्यातील किनारपट्टी, अजिंठा-वेरूळ परिसर आणि मुंबईतील कुलाबा इथल्या दुकानांचा प्रश्न वेगळा आहे. परदेशी पाहुण्याकडे सहसा भारतीय बँक खात्याचे यूपीआय नसते, म्हणून वरचा दर सोसूनही तिथे परदेशी कार्ड घेणारे मशीन ठेवावे लागते. मशीन कोणतेही असो, दुसऱ्या बँकेचा एक क्यूआर जोडीला असावा. एका जाळ्यात बिघाड झाला तर दुकान थांबत नाही.

शून्य शुल्काचा प्रश्न

यूपीआय आणि रुपे डेबिट फुकट ठेवल्याने छोट्या व्यापाऱ्याचा खर्च वाचला, पण ही व्यवस्था चालवणाऱ्या बँकांचा खर्च कोणीतरी भरावाच लागतो. सरकार त्याचा काही भाग अनुदानातून भरते. २०२४-२५ साठी २,००० रुपयांपर्यंतच्या भीम-यूपीआय व्यवहारांच्या प्रोत्साहनाला १,५०० कोटी रुपये मंजूर झाले आणि छोट्या व्यापाऱ्यांकडच्या व्यवहारांवर बँकांना ०.१५ टक्के देण्याचे ठरले. देयक उद्योगाने मोठ्या व्यापाऱ्यांवर तरी शुल्क लावण्याची मागणी केली. जून २०२५ मध्ये यूपीआयवर शुल्क येणार या वृत्ताचा अर्थ मंत्रालयाने साफ इन्कार केला. मोठ्या साखळी दुकानांनी थोडे शुल्क द्यावे आणि छोट्याला ते कायम माफ असावे, हा मध्यममार्ग न्याय्य दिसतो. फुकट सेवेचा खर्च निघाला नाही तर त्याची झळ शेवटी खेड्यातल्या, कमी उलाढालीच्या दुकानालाच बसते. बिघडलेले मशीन दुरुस्त करायला तिथे सर्वांत उशिरा माणूस पोहोचतो.

बँकांनी आणि कंपन्यांनी यात एक काम ताबडतोब करायला हवे : करार आणि दरपत्रक मराठीत, एका पानावर, सहीपूर्वी हातात द्यावे. आणि दुकानदाराने मशीन घेण्याआधी गेल्या तीन महिन्यांची बिले काढून सरासरी रक्कम, नफ्याची टक्केवारी आणि पैसे येण्याचे मार्ग मांडून पाहावेत. या तीन आकड्यांवर घेतलेला निर्णय विक्रेत्याच्या आश्वासनावर घेतलेल्या निर्णयापेक्षा नेहमी स्वस्त पडतो.